पशुरेखाटन

पशुरेखाटन हा रेखाटनाचा एक प्रकार असून त्यात प्राण्याची शरीररचना, ठेवण व हालचाल मुख्यत्वे रेषेने दाखविली जाते. शेतातील जनावरे व ग्रामजीवन हे विषय सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये विशेष बहरले.

डच परंपरा

त्या काळातील बहुतेक रेखाटने काळ्या खडूची वा शाईची आहेत. ग्रॅफाइट व चिकणमाती यांचे मिश्रण भाजून केलेली आजची पेन्सिल निकोला-झाक काँते याने फ्रान्समध्ये १७९५ साली सिद्ध केली. त्यामुळे जुन्या रेखाटनांना सरसकट 'पेन्सिलचित्रे' म्हणणे काटेकोर ठरत नाही.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध नाव पाउलस पॉटर (१६२५–१६५४) याचे. त्याचे 'तरुण वळू' (१६४७) हे भव्य तैलचित्र हेग येथील मॉरिट्सहाउस संग्रहालयात आहे. त्यातील केस न् केस खरा वाटतो; तरीही अभ्यासकांच्या मते हा वळू एकाच जनावरावरून काढलेला नसून वेगवेगळ्या वयांच्या जनावरांची अंगे त्यात एकत्र आली आहेत. आल्बर्ट काउप यानेही गाईंची खडूने रेखाटने केली. एकोणिसाव्या शतकात अँटोन मॉव्ह (१८३८–१८८८) हा मेंढ्यांच्या चित्रांसाठी ओळखला गेला. १८८१ च्या अखेरीस त्याच्याकडे धडे घेणारा व्हिन्सेंट व्हॅन गॉग सुताराची जाड पेन्सिल वापरीत असे.

मराठवाड्यातील जनावरे

डच नमुने गिरवून बैल काढल्यास तो मराठवाड्यातला होत नाही. युरोपीय जनावराची पाठ सपाट असते. येथील जनावरांना वशिंड असते व गळ्याखाली पोळी लोंबते. पाठीची रेषा वशिंडापाशी चढून पुन्हा उतरते, आणि चुकते ती बहुधा येथेच.

लातूर जिल्ह्यातील देवणी व नांदेड जिल्ह्यातील कंधार या गावांवरून येथील दोन गोवंशांना नावे मिळाली आहेत. लाल कंधारी जनावर एकरंगी गडद तांबडे असते. रंगभेदाचा आधार नसल्याने त्याची गोलाई छायेनेच दाखवावी लागते. देवणीत रंगानुसार पोटप्रकार मानतात: बालंक्या जवळजवळ पांढरा, वानेरा पांढरा पण तोंडाशी काळा, तर शेवरा अंगभर अनियमित काळ्या ठिपक्यांचा. शेवऱ्याचे ठिपके आधी भरले, तर खालचा सांगाडा हरवतो. देवणीचे लोंबते कान व पुढे आलेले कपाळ ही तिन्ही प्रकारांतील ओळखीची खूण होय.

लोहा तालुक्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो.