भाषिक क्षमताभेद व वर्गाध्यापन

भाषिक क्षमताभेद व वर्गाध्यापन : एकाच वर्गातील मुलांच्या बोलण्या-लिहिण्याच्या तयारीतील फरक ओळखून प्रत्येकाला पुढे नेणारी अध्यापनरीत. ही दोन कौशल्ये एकाच गतीने वाढत नाहीत. म्हणून दोहोंची पारख स्वतंत्रपणे करणे हा या रीतीचा पाया होय.

कारणे : घरची बोली शाळेतील प्रमाण मराठीहून वेगळी असणे, स्थलांतरामुळे शाळा तुटणे, घरी पुस्तके नसणे, श्रवणदोष, तोतरेपणा, अध्ययन अक्षमता इत्यादी. उदाहरणार्थ, हिंगोली जिल्ह्यात मराठीच्या बोलीसोबत उर्दू आणि बंजारा तांड्यांवरची गोरमाटी बोली ऐकू येते, ऊसतोडीसाठी हंगामी स्थलांतरही होते. अशा परिसरात गोष्ट रंगवून सांगणारे मूल वहीत दोन ओळींवर अडू शकते, तर सुवाच्य लिहिणारे मूल चारचौघांत गप्प राहू शकते.

पद्धती : मूल सांगेल ते शिक्षक त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहितो आणि मूल ते वाचते. बोलीतला शब्द न खोडता शेजारी प्रमाण शब्द दिला जातो. अबोल मूल आधी जोडीत, मग गटात बोलते. स्वतः लिहिलेले वाचून दाखवणे ही त्याच्यासाठी चारचौघांत बोलण्याची पहिली पायरी. लेखनाचा विषय सर्वांना एकच असतो. कोणी चित्राला नावे देते, कोणी वाक्ये, कोणी परिच्छेद लिहिते.

महाराष्ट्रातील कार्य : फलटणच्या बोलींतील विविधतेवर 1973 मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांनी तेथेच प्रगत शिक्षण संस्था उभारली व प्रारंभिक वाचन-लेखनाची पद्धत घडवली. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने इयत्तेऐवजी अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या वाचनस्तरांनुसार गट करण्याची रीत रुजवली. राज्यात 2010 पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तोंडी काम हे आकारिक (शिकतानाच होणाऱ्या) मूल्यमापनाचे स्वतंत्र साधन आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, तसेच वाचा व भाषा अक्षमता यांचा समावेश असून, पात्र विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक व वाढीव वेळ मिळतो.

दक्षता : स्तराचे गट कायमचे झाले, तर मुलावर ‘ढ’ असा शिक्का बसतो. म्हणून गट त्या त्या कामापुरते ठेवावेत, ठरावीक काळाने बदलावेत आणि लेखनात मागे असलेल्या मुलाला तोंडी कामात पुढाकार द्यावा.