माळ, मुचलका आणि मुक्तांगण

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, गोदावरीच्या उत्तरेस आणि धुळे-सोलापूर महामार्गावरील वडीगोद्रीच्या आसमंतात वसलेले अंतरवाली सराटी हे गाव २०२३ सालच्या ऑगस्टअखेरपर्यंत पंचक्रोशीबाहेर फारसे कोणास परिचित नव्हते. मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील यांनी तेथे आरंभिलेल्या उपोषणामुळे त्याचे नाव महाराष्ट्रभर झाले. त्या आंदोलनाच्या युक्तायुक्ततेचा विचार येथे कर्तव्य नाही. परंतु चारचौघांच्या देखत स्वतःच्या जिव्हेवर निर्बंध घालून घ्यावयाचा आणि त्या निर्बंधास साक्षीदारांचे बळ जोडावयाचे, ही रीत गोदाकाठास नवी नाही. आणि दारूच्या व्यसनातून माणसे कशी सुटली याचा पूर्वेतिहास या मुलखात शोधू गेल्यास आबकारीच्या दप्तरापेक्षा याच रीतीपाशी अधिक काळ थांबावे लागते.

दप्तराची हकीकत तशी थोडक्यात आटोपण्याजोगी आहे. अंबडचा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलात होता, आणि हैदराबाद संस्थानच्या जमाखर्चात जमीनमहसुलाखालोखाल ज्या बाबींचा भरणा मोठा, त्यांत आबकारीची बाब अग्रभागी असे. मोहाच्या फुलांची दारू आणि शिंदीचा रस विकण्याचा हक्क लिलावाने दिला जाई. जो चढी बोली बोले त्यास गुत्ता मिळे, आणि बोलीची रक्कम सरकारात भरून वर स्वतःचा नफा काढावयाचा, तर गावोगावच्या रयतेने अधिक प्यावे याखेरीज गुत्तेदारास दुसरा उपाय नसे. एखाद्या भल्या तहसीलदारास दारूचा कितीही तिटकारा असला, तरी त्याच्या तालुक्यातील माणसे शुद्धीवर आली की त्याच्या ताळेबंदास तूट येणार, अशी ही व्यवस्था होती. शेजारच्या इंग्रजी मुलखातही निराळे काही नव्हते. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानंतर तेथे दारूचे उत्पन्न वाढतच गेले, आणि १८८० च्या जुलैमध्ये पुण्यात नव्या गुत्त्यांना परवानगी देण्याच्या बेतास जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेकडे पत्र लिहून हरकत घेतली, ती याच लोभास उद्देशून होती. १९०८ साली पुण्यातील दारूच्या दुकानांपुढे टिळकांच्या प्रेरणेने निरोधने झाली. मराठवाड्यात असे काही उघडपणे करण्याची त्या काळी सोयच नव्हती.

स्वातंत्र्यानंतर सरकारने एकदम दुसरे टोक गाठले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा राज्यपुनर्रचनेनंतर, १९५९ साली, मराठवाड्यासही लागू झाला, आणि ज्या कचेरीत काल लिलाव पुकारले जात त्याच कचेरीत आज पंचनामे होऊ लागले. वारंवार गुन्हा करणाऱ्याकडून सद्वर्तनाचा मुचलका लिहून घेण्याची तरतूदही या कायद्यात आहे. मुचलक्याची मौज अशी की, त्यात माणूस ज्याच्यापाशी शब्द गहाण टाकतो त्या सरकारशी त्याचा कसलाही जिव्हाळा नसतो. शब्द मोडला तर दंड होतो, लाज वाटत नाही. परिणामी काळा गूळ आणि नवसागर यांच्यावर चालणाऱ्या हातभट्ट्या ओढ्यानाल्यांच्या काठी उभ्या राहिल्या. पुढे बंदी क्रमाक्रमाने शिथिल झाली, १९७३ च्या देशी दारूच्या नियमांनी परवान्याची दुकाने रीतसर आली, आणि तरीही मूळ कायदा रद्द न झाल्यामुळे महाराष्ट्रात मद्यपानासाठी आजही कागदोपत्री परवाना लागतो. हा परवाना खिशात बाळगून पिणारा मनुष्य पाहण्याचा योग मात्र विरळाच येत असावा.

आता माळेकडे वळू. अंबडच्या दक्षिणेस गोदावरी, पश्चिमेस नाथांचे पैठण, पूर्वेस समर्थांचे जन्मस्थान जांब. अशा या परिसरात वारकरी संप्रदायाची मुळे किती खोल असावीत हे निराळे सांगावयास नको. तुळशीची माळ गळ्यात घालणे हा येथील शेतकऱ्याच्या आयुष्यातील मोठा प्रसंग असतो. एखादे महाराज, फडकरी अथवा गावातीलच वृद्ध वारकरी यांच्या हातून, बहुधा सप्ताहाच्या मंडपात किंवा पंढरीस, माळ घातली जाते, आणि त्या क्षणापासून मांस व मद्य वर्ज्य, एकादशीचा उपवास आणि पंढरीची वारी हे नियम त्या देहास लागतात. या विधीत दारूविरुद्ध स्वतंत्र प्रवचन असतेच असे नाही. सामर्थ्य असते ते त्यानंतरच्या नात्यांत. माळकऱ्यास गावातले लोक ‘माउली’ म्हणून हाक मारू लागतात, भेटताक्षणी त्याच्या पाया पडतात आणि तोही त्यांच्या पाया पडतो. ज्या मित्रांबरोबर काल तो अड्ड्यावर बसे ते त्याच्या गळ्याकडे पाहून आग्रह आवरता घेतात. दिंडीत त्याची जागा ठरते, टाळ त्याच्या हाती येतो, आणि संध्याकाळचा जो रिकामा प्रहर दारूच्या दुकानाकडे ओढून नेत असे तो हरिपाठात जातो. व्यसन सोडणाऱ्यास नुसता नकार पुरत नाही, त्यास नवी सोबत आणि नवा दिनक्रम लागतो, हे तत्त्व पुढे वैद्यकाने पुस्तकांतून मांडले. माळेच्या रीतीने ते न मांडताच आचरले होते.

मात्र या रीतीत एक वैगुण्य होते, आणि माळेचे गुणगान करणारे त्याचा उल्लेख सहसा टाळतात. माळ घातलेला मनुष्य एकदा घसरला की परतीची वाट अरुंद होई. तो आधी माळ काढून खुंटीस अडकवी, मग भजनास जाणे सोडी, मग महाराजांच्या नजरेस पडू नये म्हणून वाट बदली. आणि ज्या साक्षीदारांनी त्यास सावरले होते त्यांच्याच भयाने तो पुन्हा एकाकी होई. शिवाय, वर्षानुवर्षे प्रत्यही पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली असता दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून हातपाय थरथरणे, झटके येणे, नाही ते दिसणे व ऐकू येणे असे विकार होऊ शकतात, प्रसंगी ते प्राणावरही बेततात, हे ज्ञान मंडपात कोणापाशी नव्हते. ज्यास इस्पितळात न्यावयाचे त्यास बाहेरचे काही लागले म्हणून देवऋष्याकडे नेले, तर त्या घरास दोष कसा द्यावा? त्यास कोणी शिकविलेच नव्हते.

शिकविण्याचे काम त्या काळी ज्यांनी आपल्या परीने केले त्यांत गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) स्थान एकमेव म्हणावे लागेल. त्यांचे कीर्तन हे बोलून-चालून प्रौढांची शाळाच होती. बाबा प्रश्न टाकीत, श्रोते एकमुखाने उत्तर देत, आणि उत्तरांच्या ओघातच कर्ज, दारू, देवापुढचे बळी यांचा हिशेब श्रोत्यांच्या स्वतःच्या तोंडून निघे. दारूत किती पैसा जातो हे दुसऱ्याने सांगणे वेगळे आणि शेकडो माणसांत बसून आपणच मोठ्याने सांगणे वेगळे. परंतु पहाट झाली की बाबा खराटा घेऊन पुढच्या गावी जात. ज्याच्या मनात रात्री पालट झाला त्याची दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ सांभाळावयास कोणी उरत नसे.

ती संध्याकाळ सांभाळण्याची युक्ती दूर अमेरिकेत १९३५ साली दोन मद्यपींनी शोधून काढली. बिल विल्सन हा शेअरबाजारातील मनुष्य आणि डॉक्टर बॉब स्मिथ हा शल्यवैद्य यांची अ‍ॅक्रन नगरात गाठ पडली, आणि एका पिणाऱ्याने दुसऱ्या पिणाऱ्यास आपली कथा सांगितली असता दोघांचीही त्या दिवसाची तहान टळते, एवढ्या साध्या अनुभवावर ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही बंधुसभा उभी राहिली. १९५७ साली ती मुंबईस पोचली. या सभेत वर्गणी सक्तीची नाही, आडनाव विचारले जात नाही, आणि शपथ आजन्माची नसून केवळ आजच्या दिवसापुरती असते. मुख्य म्हणजे, जो घसरला त्याने दुसऱ्या दिवशी येऊन तसे सांगावे आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजण्यास आरंभ करावा, याची त्यास मोकळीक असते; माळेच्या रीतीत जे नव्हते ते हेच. सभेत येणारा हा पिणाऱ्याचा गुरू नसतो, सरकार नसतो, नातलगही नसतो. तो त्याच्याच वाटेवरचा, चार पावले पुढे गेलेला मनुष्य असतो.

महाराष्ट्रात या सर्व धाग्यांची वीण घातली गेली ती पुण्यास, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. गर्द या मादक पदार्थाने तरुणांची कशी वाताहत चालविली आहे यावर डॉ. अनिल अवचटांनी लिहिलेली लेखमाला वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी देणगी देऊ केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झाले. त्याच्या पहिल्या संचालक डॉ. अनिता अवचट या स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या. केंद्र निघाले गर्दसाठी. परंतु दाखल होणाऱ्यांत पुढे दारूचेच रुग्ण बहुसंख्य झाले, यावरून या राज्याचे खरे दुखणे कोणते ते कळून येते. तेथील मुक्काम पस्तीस दिवसांचा. पहिले काही दिवस शरीरातील विष उतरविण्याचे, औषधोपचाराचे. त्यानंतर व्यायाम, योगासने, गटचर्चा, आणि रोजचे वर्ग.

या वर्गांचा विचार थोडा सविस्तर केला पाहिजे, कारण ‘दारू वाईट’ एवढेच सांगणारा वर्ग भरविण्यास पस्तीस दिवस कशास हवेत, अशी शंका कोणासही येईल. दारू वाईट हे पिणाऱ्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असते? वर्गात त्यास शिकविले जाते ते निराळेच: की हा स्वभावाचा दोष नसून आजार आहे, तो मधुमेहासारखा आवरता येतो परंतु पुरता नाहीसा होत नाही, म्हणून ‘फक्त सणासुदीला’ हा तह त्यास कधीच परवडणारा नाही, तल्लफ येते ती लाटेप्रमाणे काही वेळाने ओसरते, आणि भूक, राग, एकटेपणा वा थकवा यांपैकी एखादा चढला की ती हमखास येते. हे सांगणारा समुपदेशक पुष्कळदा स्वतःच एके काळी त्याच आवारात दाखल झालेला असतो, त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्याची हौस दोन दिवसांत फिटते. अनिताबाईंना सर्वजण ‘मॅडम’ म्हणत आणि अवचटांना ‘बाबा’. घरात ज्याची गणती माणसांत होईनाशी झाली होती त्यास बाबा म्हणावयास कोणीतरी मिळाले, आणि ज्ञान त्या नात्याच्या मागोमाग आले. कर्करोगाने १९९७ साली अनिताबाई गेल्या. त्यांच्या पश्चात कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते काम चालविले आहे.

याहून मोठी दृष्टी मुक्तांगणाने दाखविली ती पिणाऱ्याच्या घरच्यांविषयी. बायकोने उधारी गुपचूप फेडावी, आईने लुगड्याच्या गाठीचे पैसे काढून द्यावेत, भावाने कारखान्यावर जाऊन ‘ताप आला आहे’ असे खोटे सांगावे, आणि हे सर्व प्रेमापोटी करून त्या व्यसनासच पोसावे, हे आपल्या कुटुंबांत इतके रुळलेले आहे की त्यास कोणी चूक मानीत नाही. नात्यांनी माणूस सुटतो हे खरे. पण नात्यांनीच तो बुडतोही. म्हणून पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट तेथे चालतो, आणि त्यात बायका प्रथमच एकमेकींच्या तोंडून ऐकतात की नवऱ्याच्या पिण्यास त्यांच्या हातचा स्वयंपाक किंवा त्यांचा पायगुण कारण नाही. सासरमाहेर दोन्हीकडून वर्षानुवर्षे तोच आरोप ऐकलेल्या बाईस हे ऐकून काय वाटत असेल, याची कल्पना ज्याने त्याने करावी. बायकांच्या वर्गाचे सामर्थ्य आंध्रातही दिसून आले होते: नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा गावी साक्षरतेच्या वर्गात दारूवरील पाठ वाचला गेला, आणि १९९२ साली तेथून उठलेल्या स्त्रियांच्या चळवळीने पुढल्या वर्षी अ‍ॅरक या देशी दारूवर बंदी आणविली. महाराष्ट्रात उभ्या-आडव्या बाटलीच्या मतदानाने दुकान बंद करण्याचा जो अधिकार गावातील स्त्रियांस मिळाला आहे, तोही याच जातीचा. त्याने दुकान बंद होते. घरातला पिणारा दुसऱ्या गावचा रस्ता धरतो.

राळेगणसिद्धीस १९७५ नंतर अण्णा हजारे यांनी भट्ट्या बंद करविल्या, तेव्हा न ऐकणाऱ्यांस खांबास बांधून फटकेही देण्यात आले, आणि त्या कृत्याचे कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. गावाच्या धाकाने पिणे लपते, आणि लपलेला आजार वैद्यास सापडत नाही.

अंतरवाली सराटीसारख्या गावाची अडचण आणखी वेगळी आहे. येथून पुणे शेकडो किलोमीटर दूर. कापूस वेचणीच्या किंवा ऊसतोडीच्या दिवसांत पस्तीस दिवस घराबाहेर राहणे म्हणजे हंगाम बुडविणे. आणि जवळच्या अंकुशनगरच्या साखर कारखान्याचा गळीत हंगाम कोणाच्या व्यसनमुक्तीसाठी थांबणार नाही. जो कसाबसा जाऊन येतो त्याची खरी परीक्षा परतल्यावर सुरू होते, कारण उपचारोत्तर पाठपुराव्याची सभा तालुक्याच्या ठिकाणी दर आठवड्यास भरली नाही तर त्याचे जुने सोबती त्यास आठ दिवसांत गाठतात. यासाठी नवी इमारत बांधण्याची वाट पाहण्याचे कारण मला दिसत नाही. दर वर्षी गावोगाव जे अखंड हरिनाम सप्ताह होतात, त्यांत कीर्तनापूर्वीचा अर्धा तास दारूतून बाहेर पडलेल्या एखाद्या गावकऱ्यास, आणि दुसऱ्या दिवशीचा त्याच्या पत्नीस, बोलण्यासाठी द्यावा. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी थरथर आणि झटके यांविषयी चार गोष्टी सांगाव्यात. आणि ज्याची माळ खुंटीस लागली आहे त्यास महाराजांनी स्वतः घरी जाऊन बोलावणे करावे. मंडप, श्रोते आणि ध्वनिक्षेपक तेथे आधीच उभे असतात, आणि वर्गणीही गोळा झालेली असते.