आजोळचा झेंडा

संत तुकाराम नगरात एखादे नवे बिऱ्हाड आले, की शेजारच्या आजींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मूळ गाव कोणतं हो तुमचं?" १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे कारखान्यामागून कारखाने उभे राहिले आणि साताऱ्या-सोलापुरापासून मराठवाड्यापर्यंतची माणसे पोटापाठी इथे आली. त्यांची मुले इथेच जन्मली, इथेच शिकली; तरी दिवाळीची सुट्टी लागली की ती 'आमच्या गावाला' निघतात, आणि तिथून आईचे बोट धरून आजोळी.

या आजोळच्या ओढीचीच एक कथा आपल्या शेजारी, बालेवाडीला घडली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेल्या तिथल्या मैदानावर ३० जानेवारी २०२२ रोजी महिलांच्या आशिया चषक फुटबॉल स्पर्धेचा उपांत्यपूर्व सामना होता. एका बाजूला फिलिपाइन्स, दुसऱ्या बाजूला चिनी तैपेई, म्हणजे तैवान. करोनाच्या साथीमुळे प्रेक्षकांना मज्जाव होता. यजमान भारताचा संघ तर खेळाडूंनाच लागण झाल्यामुळे आधीच स्पर्धेबाहेर गेला होता. रिकाम्या बाकांपुढे सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि निकाल पेनल्टी किकवर येऊन ठेपला.

फिलिपाइन्सची गोलरक्षक ऑलिव्हिया मॅकडॅनियल हिने प्रतिपक्षाचे फटके अडवले, आणि वेळ येताच स्वतः पुढे होऊन एक गोलही मारला! निर्णायक फटका होता सरीना बोल्डनचा. चेंडू जाळ्यात गेला, ४-३ असा विजय झाला, आणि ज्या देशाचा पुरुषांचा वा महिलांचा संघ कधीच विश्वचषकाला गेला नव्हता, त्याला बालेवाडीत विश्वचषकाचे दार उघडले.

वाचकहो, या दोघीही अमेरिकेत जन्मलेल्या, तिथेच वाढलेल्या. फिलिपाइन्स हे त्यांच्या आईचे माहेर. संघातल्या आणखीही कित्येक मुली अशाच परदेशी वाढलेल्या होत्या.

कोणी म्हणेल, असे खेळाडू आणून जिंकण्यात कसली मर्दुमकी? पण जरा इतिहास पाहावा. फिलिपाइन्सच्या १९३५ च्या राज्यघटनेत बापाचे नागरिकत्व मुलाला आपोआप मिळे. केवळ आई त्या देशाची असेल, तर मुलाला वयात आल्यावर ते मागून घ्यावे लागे. १९७३ च्या घटनेने आई आणि बाप यांना एका पायरीवर आणले. आपल्याकडेही १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात परदेशी जन्मलेल्या मुलाला वारसा मिळे तो बापाचाच. आईचा वारसा मान्य व्हायला १९९२ उजाडले. लेकीची लेक ती परक्याची, ही समजूत कायद्याच्या पुस्तकातून पुसायला दोन्ही देशांना इतका काळ लागला.

मात्र इथे आपली वाट वेगळी होते. आपल्या कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. याच बालेवाडीवर पुणे एफ.सी.कडून खेळणारा इझुमी अराता याचे वडील भारतीय, आई जपानी. भारताचा पोशाख चढवण्यासाठी त्याने २०१२ साली जपानचे नागरिकत्व सोडले आणि २०१३ मध्ये तो भारतातर्फे उतरला. त्याने एक घर मिळवले, पण दुसऱ्या घराची किल्ली परत करून. आपला नियम बरा की त्यांचा, हा वाद सोपा नाही. ज्या देशाच्या मातीत माणूस राबला नाही, त्याचा झेंडा त्याने का मिरवावा, हा प्रश्नही खोटा नाही.

त्याचे एक उत्तर मैदानावर मिळाले. २५ जुलै २०२३ रोजी वेलिंग्टनला यजमान न्यूझीलंडविरुद्ध सरीनाने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. फिलिपाइन्सचा तो विश्वचषकातला पहिला गोल, आणि सामना १-० असा जिंकल्यामुळे पहिला विजयही! गोल सांभाळायला ऑलिव्हियाच होती.

६ मार्च २०२२ पासून संत तुकाराम नगराला मेट्रोचे स्थानक आहे. सुट्टीत बोचकी-पिशव्या घेऊन तिथे मुले उतरतात. त्यांना "गाव कोणतं?" विचारणाऱ्या आजींनी आता आणखी एक प्रश्न विचारावा: "आणि आजोळ कोणतं गं तुझं?"