मधला दुवा

मुंबईहून निघालेली रेल्वे १८५६ साली कर्जतवरून खोपोलीपर्यंत पोचली. १८५८ साली घाटावर खंडाळा ते पुणे गाडी धावू लागली. मधला बोरघाट मात्र १८६३ साली खुला झाला. म्हणजे पाच वर्षं दोन्ही बाजूंना पक्के रूळ होते, वाफेची इंजिनं होती, वेळापत्रकं होती आणि मधे काहीच नव्हतं. पुण्याला जाणारा माणूस खोपोलीला उतरायचा, सामान हमालांच्या डोक्यावर द्यायचा आणि पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढायचा. खंडाळ्याला त्याला दुसरी गाडी मिळायची. प्रवासात काय बिघडायचं ते बहुधा या मधल्या टप्प्यात.

मी दहिवलीत राहतो. उल्हास नदीच्या काठचं हे गाव आता कर्जत नगरपरिषदेतच मोडतं. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहितो, तेही मुख्यतः असल्या मधल्या टप्प्याचं. एका बाजूला प्रोग्रॅम असतो, ज्याची बटणं तुम्ही दाबता. दुसऱ्या बाजूला डेटाबेस असतो, जिथे तुमचं नाव, खात्यातली शिल्लक, जमिनीचं क्षेत्र लिहून ठेवलेलं असतं. दोघांच्या मधे ‘ड्रायव्हर’ आणि ‘कनेक्शन’ अशा दोन गोष्टी असतात. संगणकाच्या इतिहासात प्रोग्रॅमवर आणि डेटाबेसवर पुष्कळ लिहिलं गेलं. या मधल्या दुव्याकडे मात्र तो तुटेपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही.

सुरुवातीला हा दुवा वेगळा असा नव्हताच. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या स्वरूपात मांडण्याची कल्पना एका शोधनिबंधात दिली. १९७४ साली त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा मांडली. तिचंच पुढे एसक्यूएल झालं. १९७९ साली ओरॅकलचा डेटाबेस बाजारात आला आणि १९८६ साली एसक्यूएलला अमेरिकेत प्रमाण भाषेचा दर्जा मिळाला. भाषा एक झाली, पण तिची वाक्यं डेटाबेसपर्यंत पोचवायची रीत प्रत्येक कंपनीची निराळी होती. सी किंवा कोबोलमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या मधेमधे एसक्यूएलची वाक्यं पेरायची आणि त्या-त्या कंपनीच्या साधनातून तो सगळा मजकूर गाळून घ्यायचा. डेटाबेस बदलला की प्रोग्रॅम पुन्हा त्या साधनातून काढायचा आणि अर्धा नव्याने लिहायचा.

यावर तोडगा निघाला तो करारातून. काही कंपन्या एकत्र आल्या आणि प्रोग्रॅमने डेटाबेसशी कसं बोलावं याचा एक सामाईक मसुदा त्यांनी तयार केला. त्याच्या आधारावर मायक्रोसॉफ्टने १९९२ साली ओडीबीसी आणलं. प्रोग्रॅमने एकाच पद्धतीने बोलायचं आणि प्रत्येक डेटाबेसच्या कंपनीने आपापला ड्रायव्हर द्यायचा, असा हा करार होता. ड्रायव्हर या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर एसटीचा चालक येतो, पण इथला ड्रायव्हर काही चालवत नाही. तो दुभाषी आहे. वखारीतला साहेब आणि बाजारातला व्यापारी यांच्यामधे उभा राहून दोघांना समजेल असं बोलणारा.

१९९४ साली टिम बन्स यांनी पर्ल भाषेसाठी असाच करार बांधला. १९९७ साली जावामध्ये जेडीबीसी आलं, १९९९ साली पायथनने आपला करार दुरुस्त करून घेतला. जेडीबीसीने तर ड्रायव्हरचे चार प्रकारच सांगितले. पहिल्या प्रकारात जावाचा प्रोग्रॅम आधी ओडीबीसीशी बोलायचा आणि ओडीबीसी पुढे डेटाबेसशी, म्हणजे दुभाष्याला आणखी एक दुभाषी. ती घाटातली पालखीच होती. चौथ्या प्रकारातला ड्रायव्हर निव्वळ जावात लिहिलेला आणि डेटाबेसशी थेट त्याच्या भाषेत बोलणारा. हाच टिकला. पालखी २०१४ साली आलेल्या जावा ८ मधून काढून टाकली गेली.

दुभाषी नेमला की काम भागलं, असं मात्र नाही. पलीकडचा कोणती लिपी वाचतो हे त्याला अचूक सांगावं लागतं. मराठी माणसाचा या इतिहासाशी संबंध नेमका इथे येतो.

देवनागरी संगणकावर आणण्याचं मोठं काम महाराष्ट्रात, पुण्यात झालं. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञान घरोघरी नाही तरी कचेऱ्यांत नेलं. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली प्रमाण ठरली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवर बेतलेली होती. पाया आपल्याकडे तयार होता, पण जगभर पसरलेले डेटाबेस मूळचे इथले नव्हते. मायएसक्यूएलचं मूळ स्वीडनमधलं. वेगळं काही सांगितलं नाही तर तो लॅटिन-१ ही पश्चिम युरोपची लिपी आणि स्वीडिश वर्णानुक्रम धरून चालायचा. ही गोष्ट २०१८ साली आलेल्या आठव्या आवृत्तीत बदलली. तोवर हजारो प्रोग्रॅम लिहून झाले होते.

याचा परिणाम पाहण्यासाठी ‘दहिवली’ हा शब्द घेऊ. युनिकोडच्या दृष्टीने त्यात सहा चिन्हं आहेत : द, ह, वेलांटी, व, ल, पुन्हा वेलांटी. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून पूर्ण शब्द अठरा बाइटचा. जावातल्या ड्रायव्हरला सांगितलं की पलीकडे लॅटिन-१ चालते, तर तो प्रत्येक चिन्ह त्या लिपीत शोधतो. ते सापडत नाही. मग त्या जागी प्रश्नचिन्ह टाकून तो पुढे जातो. डेटाबेसमध्ये जमा होतात ती सहा प्रश्नचिन्हं. कुणी तक्रार करत नाही, पडद्यावर ‘माहिती जतन झाली’ असंच दिसतं.

अशा घोटाळ्याचा दुसरा, सौम्य प्रकार तुम्ही पाहिला असेल : मराठीच्या जागी टोप्या आणि कमानी घातलेली युरोपी अक्षरं दिसतात. तो बहुतेक वेळा दुरुस्त होतो, कारण मूळचे बाइट शाबूत असतात, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचले जातात. प्रश्नचिन्हांना परतीची वाट नाही. ‘कर्जत’मध्ये पाच चिन्हं, म्हणून पाच प्रश्नचिन्हं. पण ‘सुनीता’ आणि ‘दहिवली’ या दोहोंची होतात सहा-सहाच. कर्जत तालुक्यात दहिवलीदेखील एकच नाही. महसुली दप्तरात नावापुढे ‘तर्फे’ लावून कुठली ते सांगावं लागतं. आता सगळ्याच सारख्या.

एका पतसंस्थेची सभासदांची यादी जुन्या सिस्टीममधून नव्यात नेली, तेव्हा काही नावांचं असंच झालेलं मी पाहिलं. संस्था वाचली ती कागदामुळे. जुनी सभासद नोंदवही कपाटात होती. दोन कारकुनांनी ती समोर ठेवून नावं पुन्हा टंकली.

कागदाचा एक गुण त्या वेळी लक्षात आला. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला. तेव्हापासून जमिनीवरचं नाव बदललं की फेरफाराची नोंद होते आणि सातबाऱ्यावरच्या जुन्या नावाला कंस पडतो. जुनं नाव पुसलं जात नाही. ते कंसात राहतं, शेजारी फेरफाराचा क्रमांक असतो, आणि पन्नास वर्षांनी नातवाला आजोबांपर्यंत मागे जाता येतं. नोंद चुकली तरी चूक कुठे झाली ते दिसतं. ड्रायव्हरने टाकलेल्या प्रश्नचिन्हामागे असा कंस नसतो.

आता कनेक्शनकडे. डेटाबेसशी जोडणी करणं हे फोन लावण्यासारखं आहे. आधी दोन्ही संगणकांत तीन निरोपांची देवाणघेवाण होते, मग गुप्ततेच्या चाव्या ठरतात, मग नाव आणि पासवर्ड तपासला जातो. पोस्टग्रेससारखा डेटाबेस तर प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रक्रिया सुरू करतो. आणि एवढं सगळं झाल्यावर विचारायचा प्रश्न पाच मिलिसेकंदांचा. वेबच्या सुरुवातीच्या काळात दर पानामागे नवी जोडणी उघडली आणि तोडली जायची. माणसं शेकड्यांत होती तोवर ते खपलं.

पुढे सापडलेला उपाय कर्जतकरांना नवा वाटायला नको. घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट. गाडीचं स्वतःचं इंजिन तो एकट्याने चढवत नाही, म्हणून कर्जतला गाडी थांबते आणि मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात. त्यांना इथे सगळे बँकर म्हणतात. प्रवासी बटाटावडा घेतात तेवढ्यात बँकर जोडले जातात, लोणावळ्याला सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी खाली येतात. प्रत्येक गाडीसाठी नवं इंजिन कुणी बांधत नाही, आणि कुठलीही गाडी बँकर पुण्याला घेऊन जात नाही.

डेटाबेसच्या जोडण्यांचंही हेच झालं. काही जोडण्या उघडून तयार ठेवायच्या, मागेल त्याला वापरायला द्यायच्या आणि काम झालं की परत घ्यायच्या. याला पूल म्हणतात, नदीवरचा नव्हे, सामाईक साठ्याचा. १९९९ च्या सुमारास जेडीबीसीच्या जोड-नियमांत त्याला जागा मिळाली. २००७ साली स्काइपमधल्या लोकांनी पोस्टग्रेससाठी पीजीबाउन्सर खुला केला. जावावाल्यांमध्ये आज हिकारीसीपी वापरात आहे. त्याच्या पूलमध्ये, वेगळं सांगितलं नाही तर, जास्तीत जास्त दहाच जोडण्या असतात.

दहा हा आकडा ऐकून नवे लोक दचकतात. पण गणित करून पाहा. एक काम ५० मिलिसेकंदांचं असेल तर एक जोडणी सेकंदाला वीस कामं करते आणि दहा जोडण्या दोनशे. तेच काम पाच सेकंदांचं झालं तर त्याच दहा जोडण्या सेकंदाला फक्त दोन कामं उरकतात. म्हणजे अडचण बहुधा जोडण्या कमी असल्याची नसते, त्या फार वेळ अडकून राहिल्याची असते. अशा वेळी आकडा दहाचा शंभर करण्याचा मोह होतो. पण पोस्टग्रेस, मुद्दाम बदललं नाही तर, एकूण शंभरच जोडण्या घेतो. प्रोग्रॅम वीस ठिकाणी चालत असेल आणि प्रत्येकाने दहा मागितल्या, तर दोनशे होतात. घाटातली लाइन तेवढीच ठेवून बँकर वाढवले तर यार्डातच कोंडी होणार.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे परत न केलेली जोडणी. प्रोग्रॅम जोडणी घेतो, मधेच काही चुकतं, आणि परत करायची ओळ ज्या वाटेवर लिहिली होती त्या वाटेने तो जातच नाही. दिवसात दहा वेळा असं झालं की दहाही जोडण्या गायब. सकाळी सगळं ठीक, दुपारी सगळं ठप्प. कुणीतरी सर्व्हर बंद करून चालू करतो आणि उद्या दुपारपर्यंत निश्चिंत होतो. २०११ साली जावा ७ ने अशी रचना दिली, की काम यशस्वी होवो वा फसो, जोडणी आपोआप परत जाते. आपली वस्तू सांभाळायला भाषेच्या नियमाची गरज फारशी नव्हती, उसनी आणलेली परत करायला मात्र ती लागली.

हे सगळं खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला तीनच शब्दांत कळतं : ‘सर्व्हर डाऊन आहे.’ पुष्कळदा सर्व्हर डाऊन नसतो. तो चालू असतो, त्याला कामही नसतं, आणि प्रोग्रॅम रिकाम्या जोडणीची वाट पाहत तीस सेकंदांनी हार मानतो. जूनमध्ये पीककर्जासाठी सातबारा हवा असतो, शाळांचे दाखले हवे असतात. वाडीवरून उतरून तालुक्याला आलेल्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते, उद्या पुन्हा यायचं तर उद्याचीही. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो हे मोठंच काम झालं. पण तोही याच मधल्या दुव्यातून येतो.

दुवाच नको, असाही एक मार्ग आहे. २००० साली रिचर्ड हिप यांनी काढलेला एसक्यूलाइट हा डेटाबेस प्रोग्रॅमच्या पोटातच राहतो. तुमच्या फोनमध्ये तो आहे. पण पतसंस्थेची शिल्लक किंवा जमिनीचा उतारा अनेकांनी मिळून वाचायचा-लिहायचा असतो, तो एकाच्या खिशात ठेवता येत नाही. जिथे माहिती सामाईक, तिथे मधला दुवा राहणारच आणि त्याच्याकडून दोनच गोष्टींची अपेक्षा असते : दिलेलं न मोडता पोचवणं आणि घेतलेलं परत करणं.

म्हणून कुठलीही नवी सिस्टीम हाती आली की मी आधी दोन चाचण्या घेतो. ‘दहिवली’ लिहून परत वाचतो आणि बाइट मोजतो, अठरा भरले पाहिजेत. मग काम चालू असताना मुद्दाम मधेच चूक घडवतो आणि पूलमध्ये किती जोडण्या परत आल्या ते मोजतो. दहा गेल्या असतील तर दहा आल्या पाहिजेत. नऊ आल्या तर ती सिस्टीम त्या दिवशी खिडकीपर्यंत जात नाही.