नेवाशाच्या कवीची साक्ष

हिंदुत्वाच्या राजकारणावर विद्यापीठांतून होणाऱ्या टीकेचा वाद गेली काही दशकं एकाच प्रश्नापाशी येऊन अडतो: इंग्रज येण्यापूर्वी इथले लोक स्वतःला हिंदू म्हणून ओळखत होते का? टीकाकारांतला एक गट सांगतो की, ‘हिंदू धर्म’ ही एकसंध कल्पना एकोणिसाव्या शतकात जनगणनेच्या रकान्यांतून आणि मिशनऱ्यांशी झालेल्या वादांतून घडली. मग तिच्यावर उभारलेलं राष्ट्रही तितकंच अलीकडचं ठरतं. उलट बाजूचं उत्तर सावरकरांनी १९२५ साली ‘हिंदुपदपादशाही’त देऊन ठेवलं आहे: मराठ्यांचा सारा उद्योग हिंदूंच्या सार्वभौम सत्तेसाठी होता. दोन्ही पक्ष शिवकाळाला साक्षीला बोलावतात, आणि त्या काळाचा एक महत्त्वाचा साक्षीदार नगर जिल्ह्यातला, नेवाशाचा आहे. कवींद्र परमानंद गोविंद नेवासकर यांनी शिवाजीमहाराजांच्या आश्रयाने ‘शिवभारत’ हे संस्कृत महाकाव्य रचलं. सदाशिव महादेव दिवेकरांनी ते १९२७ साली छापून आणलं. हे काव्य निवडून न वाचता सलग वाचलं, तर दोन्ही पक्षांची पंचाईत होते.

आधी टीकाकारांची पंचाईत पाहू. परमानंदाचा शिवाजी हा विष्णूचा अवतार आहे. यवनांच्या जाचाने गांजलेली पृथ्वी ब्रह्मदेवाकडे गाऱ्हाणं घेऊन जाते, अफजलखान दैत्यांच्या पंगतीत बसतो, देव, गाई आणि ब्राह्मण यांचं रक्षण हा राजाचा धर्म म्हणून येतो. हे लिहिलं गेलं तेव्हा इंग्रजांची पहिली जनगणना जवळजवळ दोन शतकं दूर होती. परमानंदाच्याही शंभरेक वर्षं आधी पैठणच्या एकनाथांनी ‘हिंदु-तुर्क संवाद’ रचला होता. त्यात दोघे एकमेकांच्या देवांचे आणि आचारांचे मनसोक्त वाभाडे काढतात आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. डेव्हिड लॉरेन्झन या अभ्यासकाने १९९९ साली ‘हिंदू धर्म कोणी निर्माण केला?’ या प्रश्नावर निबंध लिहिला. इंग्रजपूर्व जाणिवेचे जे पुरावे त्याने मांडले, त्यांत एकनाथांची ही रचनाही आहे. तेव्हा हिंदूपणाची जाणीव साहेबाने आणून दिली, हे विधान महाराष्ट्राच्या साधनांपुढे टिकत नाही. हिंदुत्वावर टीका करायला त्या विधानाची गरजही नाही.

पण याच काव्यात भातवडी आहे. नगरजवळच्या या गावी १६२४ साली मोगल आणि आदिलशाही फौजा निजामशाहीवर एकत्र चालून आल्या. निजामशाहीची सूत्रं मलिक अंबर या हबशी वजिराच्या हाती होती. त्याने तलाव फोडून शत्रूच्या तळावर पाणी सोडलं आणि लढाई जिंकली. अंबराच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी लढत होते. शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव मोगलांकडे होते. शरीफजी या लढाईत कामी आले. मालोजीराजांनी या दोन्ही मुलांची नावं नगरच्या शाहशरीफ पिराच्या नवसावरून ठेवली, असं बखरी सांगतात. आता परमानंद ही लढाई कशी रंगवतो ते पाहा. तारकासुरावर निघालेल्या कार्तिकेयाभोवती देव उभे राहावेत, तसे शहाजी आणि इतर राजे अंबराभोवती उभे राहिले, अशी त्याची उपमा आहे. म्हणजे अफजलखानाला दैत्य ठरवणारा हाच कवी एका मुसलमान सेनापतीला देवसेनापतीच्या जागी बसवतो. त्याच्या हिशेबात दैत्य कोण आणि देव कोण, हे शत्रू कोण आणि धनी कोण यावरून ठरतं. जन्माने मिळालेल्या धर्मावरून ते कायमचं ठरलेलं नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, मराठे सरदार पोटासाठी शाह्यांची चाकरी करत होते, त्यातून सलोखा कसला सिद्ध होतो? आक्षेप रास्त आहे. चाकरीवरून सलोखा सिद्ध होत नाही आणि देवळं फोडली गेली हेही खोटं ठरत नाही. पण चाकरीची गरज शहाजीराजांची होती, परमानंदाची नव्हती. तो लिहीत होता तेव्हा अंबराला जाऊन (१६२६) आणि निजामशाही बुडून (१६३६) काही दशकं लोटली होती. अंबराची स्तुती करून त्याला कवडी मिळणार नव्हती. तरीही स्वराज्याच्या राजाला ऐकवण्याच्या काव्यात ती उपमा त्याला खटकली नाही. दुसरा आक्षेप असा की, हिंदूपणाची जाणीव जुनी असेल तर हिंदुराष्ट्रही जुनंच ठरतं. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. आपण कोण हे ठाऊक असणं वेगळं, आणि राज्यात कोणाला जागा हे त्यावरून ठरवणं वेगळं. पहिलं परमानंदात जागोजाग सापडतं. दुसऱ्याला भातवडीच आड येते.

राहता राहिला तिसरा आक्षेप: ही टीका परक्यांची. ‘शिवभारता’चं इंग्रजी भाषांतर जेम्स लेन यांनी एका मराठी संस्कृत पंडिताच्या साथीने २००१ साली प्रसिद्ध केलं. पुढे २००३ च्या त्यांच्या पुस्तकातल्या एका निंद्य विधानावरून गदारोळ झाला. त्या पंडितांच्या तोंडाला काळं फासलं गेलं आणि ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. संस्थेवरचे हल्लेखोर संभाजी ब्रिगेडचे होते, हिंदुत्ववादी गोटातले नव्हते. अभ्यासाबद्दलचा राग एकाच पक्षाची मिरास नाही, एवढं त्यातून कळावं. विधानाचा निषेध जरूर व्हावा, पण संस्थेतल्या पोथ्यांचा त्या वादाशी काही संबंध नव्हता. आणि परकेपणाचं म्हणाल, तर या लेखातला पुरावा नेवाशाच्या कवीचा आहे, लढाई नगरची आहे आणि ग्रंथ मराठी संशोधकाने छापला आहे. हिंदुत्वाचा समर्थक असो की टीकाकार, त्याने आधी ‘शिवभारत’ पहिल्या अध्यायापासून वाचावं. सोयीचे श्लोक वेचण्याचा हक्क दोघांनाही नाही.