मेजर, लाईट कवा येणार?

आमच्या मराठवाड्यात फौजेतून परत आलेल्या प्रत्येक माणसाला 'मेजर' म्हणतात. कागदोपत्री तो नाईक असो, हवालदार असो नाहीतर साधा शिपाई, गावात तो मेजरच! आणि हाच मेजर पुढे वीज मंडळात लाईनमन झाला की त्याला दुसरी पदवी मिळते, 'लाईटवाला'. मग पाऊस सुरू झाला की रात्री अकरा वाजता दारावर थाप... "मेजर, लाईट कवा येणार?"

या वीकेंडला लिहायचं आहे ते या माणसाबद्दल. नाव कुणाचंच घेत नाही, कारण ही गोष्ट एकट्याची नाहीच. नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावात चौकशी करून बघा.

आधी थोडा इतिहास. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मराठा पलटणींची जुनी भरती मुख्यतः सातारा, कोल्हापूर, कोकण इकडची. तिकडे आजोबा-बाप-मुलगा असे तीन पिढ्यांचे फौजी सापडतात. आमच्याकडे मात्र भारतीय सैन्यात जाणारी पहिलीच पिढी, असं बऱ्याच घरांत आहे. म्हणजे परत आल्यावर पुढे काय करायचं, हे सांगणारं घरात कोणी नाही.

आता एक साधा हिशोब मांडू. समजा एक मुलगा १९५० च्या आसपास जन्मला आणि १९६९-७० मध्ये भरती झाला. बेळगावला मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या केंद्रात ट्रेनिंग, आणि लगेच डिसेंबर १९७१ चं युद्ध. पहिली मराठा, म्हणजे 'जंगी पलटण', तेव्हा पूर्व आघाडीवर जमालपूरला होती. ब्रिगेडियर क्लेर यांनी तिथल्या पाकिस्तानी कर्नलला शरण येण्याबद्दल चिठ्ठी पाठवली, तर उत्तर म्हणून कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी आली! १० डिसेंबरच्या रात्री लढाई झाली आणि ११ तारखेला जमालपूर पडलं. त्याच ११ तारखेला टांगाईलला दुसरी पॅरा विमानांतून उतरली. ही पलटणही मूळची मराठा रेजिमेंटचीच. पुढे जंगी पलटण तिला जाऊन मिळाली, आणि १६ तारखेला ढाका.

युद्ध संपलं तेव्हा आपला मुलगा जेमतेम एकवीस वर्षांचा. शिपायाला पेन्शनसाठी पंधरा वर्षं सेवा लागते. ती भरून तो घरी येतो तेव्हा पस्तिशीचा. पेन्शन आहे, पण पोरं शाळेत, शेत कोरडवाहू. दुसरी नोकरी हवीच. राज्यात वर्ग तीन आणि चारच्या पदांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के आरक्षण आहे. कोणी एसटीत गेला, कोणी बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा राहिला, आणि कोणी गेला मंडळात.

मंडळ म्हणजे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ, स्थापना २० जून १९६०. जून २००५ मध्ये त्याच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, 'महावितरण' आलं, पण लोक अजून 'एमएसईबी'च म्हणतात. गंमत म्हणजे सैन्याच्या सिग्नल विभागातही 'लाईनमन' नावाचा ट्रेड होता. तिथे टेलिफोनची तार ओढायची, इथे ११ केव्हीची. फरक इतकाच की टेलिफोनची तार माणूस मारत नाही.

हे काम नेमकं कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. खांबावर चढण्याआधी लाईनमन सबस्टेशनमधून 'परमिट' घेतो. ऑपरेटर फीडर बंद करतो, रजिस्टरमध्ये नाव आणि वेळ लिहितो. लाईनमन तारांना अर्थिंग लावतो, काम करतो, अर्थिंग काढतो आणि परमिट परत करतो. ज्याने घेतलं त्यानेच परत करायचं. त्याशिवाय लाईन चालू करायची नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले डेटाबेसमध्ये 'लॉक' वापरतो, तोच प्रकार. पण आमचा लॉक चुकला तर फार तर रविवार ऑफिसात जातो. इथे जीव जातो.

आणि परमिट घेऊनही धोका संपत नाहीच. लाईट गेली म्हणून एखाद्या दुकानदाराने जनरेटर लावला आणि मेन स्विच बंद केला नाही, तर तो करंट डीपीत उलटा शिरतो. जो डीपी ११ हजार व्होल्टचे २३० करतो, तोच आता २३० चे ११ हजार करतो! वर चढलेल्या माणसासाठी लाईन 'बंद' असते, प्रत्यक्षात ती जिवंत. जमालपूरला समोरचा शत्रू कोण ते तरी माहीत होतं. इथे मारणारा गावातलाच, आणि त्याला स्वतःला पत्तासुद्धा नसतो.

आता हिशोब पुढे न्या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीचा भूकंप. गणपती विसर्जनाची रात्र, दगडमातीच्या घरांत झोपलेली माणसं, सुमारे दहा हजार मृत्यू. सैन्य मदतीला आलं, त्याचे फोटो आले, ते सगळ्यांना आठवतात. आपला मेजर तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा आणि कामावर असणार. नंतर उद्ध्वस्त गावं नव्या जागी वसवली गेली. नव्या गावात आधी रस्ता आखला जातो, मग खांब येतात. त्या खांबांवर कोण चढलं, हे कुठल्याच फोटोत नाही.

तुलनेसाठी एकच नाव घेतो, मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातले, ईएमईमधले जवान, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. पुढे टेल्कोत नोकरी. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईलमध्ये सुवर्णपदक, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी! सुवर्णपदकवाल्याची ही कथा, तर लाईनमनला कोण विचारतो?

मला वाटतं गोची इथे आहे. १९७१ चं युद्ध चाललं तेरा दिवस. मंडळातली नोकरी वीस-बावीस वर्षं. १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला मेजरला पुढची खुर्ची मिळते ती त्या तेरा दिवसांसाठी, आणि ते योग्यच आहे. पण गावासाठी त्याने जीव धोक्यात घातला तो जास्त वेळा गावातच, आणि त्याची पावती म्हणजे दारावरची थाप आणि चार शिव्या.

हा नुसता जुना विषय नाही. २०२२ सालच्या अग्निपथ योजनेत बहुतेक मुलं चार वर्षांनी, पेन्शनशिवाय, बाहेर पडणार आहेत. पस्तिशीचा मेजर आता पंचविशीच्या आतला असेल. आणि इकडे खांबावर चढणाऱ्यांमध्ये कंत्राटी पोरं वाढली आहेत. या दोन रांगा कुठेतरी एकमेकींना मिळणारच.

त्या पोरांच्या हातात चांगले ग्लोव्हज, कमरेला चांगला पट्टा आणि परमिट पाळणारा ऑपरेटर असेल का, हा प्रश्न देशभक्तीच्या भाषणापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. आपल्या हातात तेवढं नाही. पण जनरेटर लावण्याआधी मेन स्विच बंद करणं? ते तर नक्की आहे. वर कोणाचा तरी मेजर असतो.