दोन अक्षरांचे गाव

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात, बालाघाटाच्या पठारावर, ईट नावाचे गाव आहे. या नावात जोडाक्षर नाही, काना नाही, वेलांटी नाही. पाटीवर नुकतीच मुळाक्षरे गिरवू लागलेल्या मुलालाही ते चुकण्याचे कारण नाही. असे असूनही, गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत सरकारी दप्तराची रीत जेव्हा जेव्हा पालटली, आणि पुढे दप्तराची जागा यंत्राने घेतल्यावर त्या यंत्राची कार्यप्रणाली जेव्हा जेव्हा बदलली, तेव्हा या दोन अक्षरांना प्रत्येक वेळी नव्याने परीक्षा द्यावी लागली. आमच्याकडील तरुण मंडळी ज्याला ‘मशीनला नवी विंडोज मारली’ असे म्हणतात, त्या घटनेचा मराठी माणसाच्या मनावर पहिला परिणाम कोणता होतो, याचा विचार करू लागलो की मला वेगाची किंवा पडद्यावरील रंगांची आठवण होत नाही, तर या लहानशा नावाची होते.

हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तेथे राज्यकारभाराची भाषा आधी फारशी होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ती उर्दू झाली. मात्र गावचा पटवारी आपले हिशेब बहुधा मोडीतच लिहीत राहिला, त्यामुळे एकाच गावचे नाव खाली एका लिपीत आणि वर कचेरीत दुसऱ्या लिपीत नांदत असे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळण्याची चाल नव्हती. लिहिणाऱ्याचा हात कागदावरून उचलला जाऊ नये हीच तिची सारी दृष्टी, म्हणून ‘इट’ आणि ‘ईट’ तिला सारखेच. उर्दूत अडचण निराळी होती. अलिफ, ये आणि टे ही तीन अक्षरे मांडली, आणि लेखनचिन्हे गाळण्याच्या सर्वमान्य प्रघाताबरहुकूम ती चिन्हे गाळली, की तोच शब्द ईट, एट किंवा ऐट असा तीन तऱ्हांनी वाचता येतो. एखाद्या परगावच्या अव्वल कारकुनाने हे नाव प्रथमच वाचताना ‘ऐट’ म्हटले असते तर त्यात त्याचा दोष नव्हता. आणि ग्रामस्थांना ते फारसे खटकलेही नसते, असे आपले मला वाटते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाचा स्वतंत्र कारभार संपला. ब्रिटिश मुंबई इलाख्यात मोडी दूर सारून बालबोध लिपी आणण्याचा हुकूम १९१७ सालीच निघाला होता. मराठवाड्यात ते स्थित्यंतर उशिरा, पण एकाएकी आले. १९५४-५५ सालचे खासरा पाहणीपत्रक आजही मराठवाड्यात जमिनीच्या दाव्यांत आधारभूत मानले जाते, आणि त्याच्या मागचे दस्त वाचायचे झाले तर उर्दू किंवा मोडी जाणणारा माणूस शोधावा लागतो. नव्या प्रणालीवर जुनी नोंद उघडत नाही, ही तक्रार संगणकाबरोबर जन्माला आलेली नाही, हे यावरून ध्यानात यावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला, आणि कचेरीच्या मेजावर देवनागरी टंकलेखनयंत्र स्थिरावले.

या यंत्राने एक युक्ती केली, तिचे परिणाम फार दूरवर गेले. कळा मोजक्या, अक्षरे पुष्कळ. तेव्हा ‘ई’ला स्वतंत्र कळ देण्याऐवजी ‘इ’ उमटवून तिच्या माथ्यावर रफाराचे चिन्ह ठोकावे, अशी सोय झाली. कागदावर दिसायला ‘ई’च दिसे, आणि कागदाला त्याहून अधिक काही कळण्याची गरज नव्हती. पण पुढे संगणकावरील फॉन्ट रचणाऱ्यांनी टंकलेखकांच्या बोटांची सवय मोडू नये म्हणून हीच मांडणी उचलली, तेव्हा वरवर ‘ई’ दिसणारे अक्षर यंत्राच्या पोटात ‘इ’ आणि रफार असे दोन तुकड्यांचे राहिले.

महसुली दप्तर यंत्रावर नेण्याचा उद्योग केंद्र सरकारने १९८८-८९ साली देशातील आठ जिल्ह्यांत प्रयोगादाखल आरंभिला, त्यांत महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा होता. त्याच सुमारास पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटवणारे तिचे जिस्ट कार्ड ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यंत्रात बसवलेल्या त्या पाटीचे कौतुक अजून आठवत असेल. भारतीय लिपींसाठी इस्की नावाची समान संकेतावली १९९१ साली प्रमाण ठरली. म्हणजे शिस्त होती; पण बाजाराने ती पाळली नाही. विंडोज आली, छपाईची दुकाने निघाली, आणि प्रत्येक फॉन्टवाल्याने आपापली संकेतावली चालू केली. इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी चित्रे बसवायची, इतकाच तो खेळ होता.

आता तालुक्याच्या गावी टंकलेखनाचे आणि झेरॉक्सचे दुकान डोळ्यांपुढे आणा. संध्याकाळी यंत्र मंद चालते म्हणून दुरुस्तीवाल्याकडे दिले. सकाळी ते ‘फॉरमॅट मारून’, नवी विंडोज घालून परत आले. पडदा लखलखीत, चिन्हे गोलसर, मालक संतुष्ट. तेवढ्यात कोणी पक्षकार आपल्या भाडेचिठ्ठीची किंवा अर्जाची नक्कल मागतो, फाइल उघडली जाते, आणि ‘ईट’ या नावाच्या जागी लहान बी, मोठा झेड आणि मोठा व्ही ही तीन रोमन अक्षरे उभी असतात. कृतिदेव या फॉन्टमध्ये ‘इ’ बीच्या घरात, रफार झेडच्या घरात आणि ‘ट’ व्हीच्या घरात राहतो. फॉन्ट उडाला की घरे उघडी पडतात. नव्या प्रणालीविषयी मराठी वापरकर्त्याचा पहिला अभिप्राय बहुधा या क्षणी बनतो, आणि तो छापण्याजोगा नसतो. मग शेजारच्या दुकानातून पेनड्राईव्हवर फॉन्ट टाकून आणण्यासाठी पोरगा धावतो. जुन्या मराठी सॉफ्टवेअरची परवाना-चावी नव्या प्रणालीला ओळखू आली नाही तर त्या धावपळीचाही उपयोग होत नाही. पुढे ६४-बिटी विंडोज आली, तिने तर १६-बिटी जुने कार्यक्रम चालवण्यास साफ नकार दिला.

यावरचा उपाय युनिकोड. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली, आणि तीत जगातील लिपींच्या शेजारी देवनागरीलाही स्वतःचे घर मिळाले. तेथे ‘ई’चा क्रमांक ०९०८ आणि ‘ट’चा ०९१एफ. या नावाच्या इतिहासात ‘ई’ यंत्राच्या पोटातही एकसंध अक्षर ठरली, ही गोष्ट मला एखाद्या सनदेइतकी महत्त्वाची वाटते. २००० सालच्या विंडोजने देवनागरीचा हा मार्ग प्रथम उघडला, आणि तिच्यासोबत आलेला मंगल हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा होता. २००१ साली एक्सपी आली. तिच्यातही ही सोय असे, पण झोपलेली असे: भाषांच्या खिडकीत जाऊन जटिल लिपींच्या चौकटीत खूण करावी लागे, तशी खूण केली की यंत्र मूळ तबकडी मागे, आणि ती तबकडी बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणच्या दुरुस्तीवाल्याच्या खणात असे. ती खूण राहून गेली की पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे यायची ती पलीकडे जाऊन बसे, जोडाक्षरांचे पाय मोडत, आणि ‘जिल्हा’ हा शब्द वाचवत नसे. गंमत अशी की त्या पडझडीत ‘ईट’ मात्र धडधाकट उभे राही. न जोडाक्षर, न वेलांटी, मोडणार काय?

२००७ च्या विस्टापासून ती खूणही गेली. तरीसुद्धा तक्रारी संपल्या नाहीत, आणि त्या किरकोळ होत्या असे मी म्हणणार नाही. मंगलमधील ‘ल’ आणि ‘श’ ही हिंदी वळणाची; मराठी डोळ्यांना ती परकी वाटत. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी पुन्हा प्रमाण केले. ‘बॅट’ला अडचण नव्हती, पण ‘अॅ’ या स्वराला युनिकोडात स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्यापूर्वी घडवलेल्या यंत्रावर ‘अॅडव्होकेट’ लिहिले की आरंभी तुटक रेषांचे वर्तुळ किंवा रिकामा चौकोन उमटे.

पण सर्वांत मोठा घोटाळा ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दाचा. मराठीत ‘आचार्य’मधला रफार वेगळा आणि ‘शेतकऱ्या’तला आडवा अर्धा र वेगळा, कानालाही तो भेद कळतो. यंत्राला मात्र र, हलन्त आणि य दिले की ते रफारच काढते. आडवा र हवा असेल तर नुक्त्याचा ऱ तरी घ्यावा लागतो, नाहीतर मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालावे लागते. परिणामी एकच शब्द दोन रीतींनी साठवला गेला. एक शोधला तर दुसरा निसटे, आणि जुन्या फॉन्टमधून रूपांतर करणारे कार्यक्रम कित्येकदा सरळ ‘शेतकर्यांचा’ करून मोकळे होत. ज्या राज्यातील दप्तराचा निम्मा मजकूर या एका माणसाविषयी असतो, त्या राज्यात त्याचेच नाव यंत्राला धड लिहिता येऊ नये, याला योगायोग म्हणून सोडून देणे मला जमत नाही; लिपीचे नियम ठरवताना मराठी माणूस उशिरा पोहोचला, इतका त्याचा अर्थ आहे.

१ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, आणि त्यावर ‘ईट’ हे नाव मुंबईत, पुण्यात किंवा परदेशातल्या यंत्रावर सारखेच वाचता येते. खाजगी कागदांचे तसे नाही. वाटणीपत्रे, संस्थांची इतिवृत्ते, गावजत्रेच्या पत्रिका, कोणा शिक्षकाने हौसेने टंकून ठेवलेला गावचा इतिहास, हे सारे अजून जुन्या फॉन्टांच्या कुलपात आहे. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्या निमित्ताने घरोघरची जुनी यंत्रे भंगारात निघत आहेत. ज्यांच्याकडे असे यंत्र असेल त्यांनी ते विकण्यापूर्वी त्यातील मजकूर युनिकोडात उतरवून घ्यावा, मूळ फॉन्टची प्रतही जवळ ठेवावी, आणि रूपांतर झाल्यावर ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द एकदा स्वतः वाचून पाहावा.